एंडोमेट्रिओसिस, ग्रॅन्युलोसा पेशी आणि आपल्या विज्ञानबातम्यांचा उतावळेपणा

दर काही महिन्यांनी आपल्या देशातील विज्ञानविषयक बातम्यांत एकाच साच्यातून काढलेला मथळा अवतरतो : ‘एंडोमेट्रिओसिसमुळे वंध्यत्व का येते? शास्त्रज्ञांना कारण सापडले.’ संस्था बदलते, शहर बदलते, रेणूचे नाव बदलते. साचा तोच राहतो. पहिल्या परिच्छेदात ‘स्त्रीबीजाभोवतीच्या पेशी निकामी होतात’ असे वाक्य असते, दुसऱ्यात ‘लाखो स्त्रियांसाठी आशेचा किरण’ असतो आणि तिसऱ्यात बातमी आटोपते. ज्या पेशी तपासल्या त्या किती स्त्रियांच्या होत्या, कोणत्या परिस्थितीत मिळाल्या, त्यांची तुलना कोणाच्या पेशींशी केली आणि त्या स्त्रियांना पुढे मूल झाले की नाही, या चार प्रश्नांची उत्तरे वाचकाला मिळत नाहीत.

माझे म्हणणे सरळ आहे. या विषयावरचे मूळ संशोधन बहुतांशी प्रामाणिक आहे आणि अत्यंत महत्त्वाचेही आहे. परंतु त्याची जी बातमी आपण करतो ती अर्धवट असते, आणि त्या अर्धवटपणाची किंमत एंडोमेट्रिओसिस असलेल्या स्त्रिया रोख पैशांत आणि कधी कधी स्वतःच्या अंडाशयाच्या तुकड्यांत मोजतात.

मी वैद्यक नाही. माझी पदवी भौतिकशास्त्राची, काम प्रयोगशाळेतील मोजमापांचे. तेव्हा ‘भौतिकशास्त्रज्ञाने अंडाशयावर बोलू नये’ हा आक्षेप मी आधीच ऐकला आहे, असे समजा. तो आक्षेप मला गंभीर वाटतो आणि त्याला ऐतिहासिक आधारही आहे. ३ ऑक्टोबर १९७८ रोजी कोलकात्यात डॉ. सुभाष मुखर्जी यांच्या प्रयत्नांतून ‘दुर्गा’ जन्मली. इंग्लंडमधल्या लुईस ब्राउननंतर अवघ्या ७० दिवसांनी. पश्चिम बंगाल सरकारने चौकशी समिती नेमली, तिचे अध्यक्षपद एका रेडिओभौतिकीच्या प्राध्यापकांकडे होते, आणि त्या समितीने मुखर्जींचा दावा धुडकावून लावला. १९ जून १९८१ रोजी मुखर्जींनी आत्महत्या केली. ज्या विषयाचा गंध नाही त्यावर निवाडा देण्याचे पाप आमच्या जमातीच्या माथी आधीच आहे. म्हणून मी इथे उपचारांचा निवाडा देणार नाही. मोजमाप, नमुन्याची निवड आणि निष्कर्षाची मर्यादा या माझ्या अंगणातील गोष्टींविषयीच बोलणार आहे.

दुसरे कारण व्यक्तिगत आहे. मी स्वतः एंडोमेट्रिओसिसची रुग्ण आहे. वेदना १४व्या वर्षी सुरू झाल्या, निदान २९व्या वर्षी झाले. मधली १५ वर्षे ‘पाळीत दुखतंच, लग्न झालं की थांबेल’ या वाक्यावर निघाली.

या पेशी करतात काय?

विद्यार्थी वाचकांसाठी थोडे मूळ शास्त्र. अंडाशयातील प्रत्येक स्त्रीबीज एकटे नसते. त्याच्याभोवती ग्रॅन्युलोसा पेशींचे आवरण असते. बीज, ही आवरणे आणि पुढे साठणारा द्रव मिळून जी पिशवी होते तिला फॉलिकल म्हणतात. शालेय पुस्तकांत या पेशी केवळ ‘संरक्षक आवरण’ म्हणून येतात. प्रत्यक्षात त्या बीजाच्या दाई, स्वयंपाकी आणि निरोप्या अशा तिन्ही भूमिका बजावतात.

स्त्रीबीजाला ग्लुकोज नीट पचवता येत नाही. ग्रॅन्युलोसा पेशी ग्लुकोज मोडून पायरुवेट तयार करतात आणि ते बीजाला पुरवतात. हा पुरवठा दोन पेशींच्या पडद्यांना जोडणाऱ्या सूक्ष्म बोगद्यांतून होतो. बीज आणि पेशी यांच्यामधील बोगदे प्रामुख्याने कनेक्सिन-३७ या प्रथिनाचे, तर पेशी-पेशींमधील कनेक्सिन-४३चे बनलेले असतात. याच वाटेने येणारा एक रासायनिक संकेत बीजाला योग्य वेळेपर्यंत थोपवून धरतो. ल्युटिनायझिंग संप्रेरकाची लाट आली की वाट बंद होते, संकेत ओसरतो आणि बीज परिपक्वतेकडे निघते. बाहेरच्या थीका पेशींकडून आलेल्या अँड्रोजेनपासून ॲरोमॅटेज या विकराच्या साहाय्याने इस्ट्राडायॉल तयार करणेही यांचेच काम. फॉलिकल लहान असताना याच पेशी एएमएच हे संप्रेरक स्रवतात, ज्याची रक्ततपासणी आज शहरोशहरी लिहून दिली जाते. उलट दिशेने बीजसुद्धा या पेशींना वाढीचे संदेश देते. थोडक्यात, हा एकतर्फी पहारा नव्हे, संवाद आहे. आणि संवाद बिघडला तर दोन्ही बाजू बिघडतात.

एंडोमेट्रिओसिस तिथे काय करतो?

गर्भाशयाच्या अस्तरासारखी ऊती गर्भाशयाबाहेर, म्हणजे पोटाच्या आतील पडद्यावर, अंडाशयावर, आतड्यावर वाढते, तो हा आजार. प्रजननक्षम वयातील सुमारे १० टक्के स्त्रियांना तो असतो; जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगभरात सुमारे १९ कोटी. अंडाशयात त्याची गाठ झाली की आत जुने रक्त साठून घट्ट तपकिरी होते, म्हणून तिला ‘चॉकलेट सिस्ट’ म्हणतात. अमेरिकेतील जॉन सॅम्पसन यांनी १९२१मध्ये तिचे सविस्तर वर्णन केले.

या गाठीत इतर साध्या गाठींच्या तुलनेत मुक्त लोह कितीतरी पटींनी अधिक आढळते. लोह आणि हायड्रोजन पेरॉक्साइड एकत्र आले की हायड्रॉक्सिल हा अतिशय आक्रमक मूलक तयार होतो. रसायनशास्त्राच्या विद्यार्थ्यांना ही फेंटन अभिक्रिया ठाऊक असेल. गाठीच्या भिंतीपलीकडे काही मिलिमीटरवर निरोगी अंडाशयाची साल असते, आणि निद्रिस्त फॉलिकलांचा सारा साठा तिथेच असतो. तिथल्या ऊतीत तंतुमयता वाढलेली आणि फॉलिकलांची घनता घटलेली दिसते. बेल्जियममधील अभ्यासकांनी मांडलेली एक कल्पना अशी की सततच्या दाहामुळे निद्रिस्त फॉलिकले अकाली जागी होतात आणि साठा वेगाने जळून जातो.

ग्रॅन्युलोसा पेशींविषयीची निरीक्षणेही १९९०च्या दशकापासून साठत आली आहेत. एंडोमेट्रिओसिस असलेल्या स्त्रियांच्या या पेशींत नियोजित मृत्यूचे प्रमाण वाढलेले, ॲरोमॅटेजची क्रिया मंदावलेली, ऑक्सिडेटिव्ह ताण चढलेला, मायटोकॉन्ड्रियाचे काम ढासळलेले आणि पेशी अकाली म्हाताऱ्या झालेल्या, अशी निरीक्षणे अनेक देशांतील गटांनी नोंदवली आहेत. यातले प्रत्येक निरीक्षण प्रत्येक अभ्यासात पुन्हा सापडले असे नाही, पण एकूण दिशा स्पष्ट आहे. हे सारे ‘थोतांड’ म्हणणारी मी नव्हे. पेशींना इजा होते.

प्रश्न पुढचा आहे. पेशींना इजा होते, यावरून त्या स्त्रीला मूल होणार नाही असे ठरते का?

पेशी आल्या कुठून?

निरोगी स्त्रीच्या अंडाशयातून संशोधनासाठी पेशी काढणे नैतिक नाही आणि शक्यही नाही. म्हणून मानवी ग्रॅन्युलोसा पेशी बहुतेक वेळा एकाच ठिकाणी मिळतात : आयव्हीएफ केंद्रात, स्त्रीबीजे सुईने शोषून घेण्याच्या दिवशी. बीज वेगळे केले की उरलेला फॉलिकलमधला द्रव फेकून द्यायचा असतो. संशोधक तो मागून घेतात. ही व्यवस्था उत्तम आहे. परंतु तिच्यात चार गाळण्या आहेत, आणि बातमीत एकीचाही उल्लेख नसतो.

पहिली गाळणी : या स्त्रिया मुळात आयव्हीएफपर्यंत पोहोचलेल्या आहेत. ज्यांना एंडोमेट्रिओसिस असूनही सहज मूल झाले त्या या नमुन्यात नाहीत. ज्यांना मूल नकोच आहे, ज्या अविवाहित आहेत, ज्यांच्याकडे पैसे नाहीत, त्याही नाहीत. खगोलशास्त्रात याला माल्मक्विस्ट पूर्वग्रह म्हणतात : दूरच्या आकाशातील केवळ तेजस्वी तारेच दुर्बिणीला दिसतात, आणि त्यांवरून सरासरी काढली तर दूरचे आकाश आहे त्यापेक्षा अधिक तेजस्वी भासते. आमच्याकडे पहिल्या वर्षाचा विद्यार्थी ही दुरुस्ती न करता आकडे घेऊन आला तर त्याला परत पाठवतात. इथे मात्र आयव्हीएफच्या दुर्बिणीतून दिसलेल्या स्त्रियांवरून ‘एंडोमेट्रिओसिस असलेल्या स्त्रियांमध्ये’ असा सरसकट मथळा बिनदिक्कत छापला जातो.

दुसरी गाळणी : या पेशी नैसर्गिक अवस्थेतील नसतात. त्या स्त्रीला कित्येक दिवस संप्रेरकांची इंजेक्शने दिलेली असतात, शेवटचे इंजेक्शन देऊन सुमारे ३४ ते ३६ तास उलटलेले असतात. तोवर ग्रॅन्युलोसा पेशींचे रूपांतर सुरू झालेले असते. फॉलिकल तयार होण्याचा महिनोन्महिन्यांचा प्रवास कसा झाला हे त्याच्या शेवटच्या स्थानकावर उभे राहून ओळखायचे, असा हा प्रकार. शिवाय द्रवात रक्त आणि पांढऱ्या पेशी मिसळलेल्या असतात. त्या काळजीने वेगळ्या केल्या नाहीत तर ‘ग्रॅन्युलोसा पेशीतील दाह’ म्हणून मोजलेली गोष्ट रक्तातल्या पेशींची निघू शकते.

तिसरी गाळणी : तुलना कोणाशी? नियंत्रण गट म्हणून सहसा अशा स्त्रिया घेतात ज्यांच्या पतीच्या शुक्राणूंत दोष आहे, किंवा ज्यांच्या गर्भनलिका बंद आहेत. भारतात नलिका बंद होण्याचे एक महत्त्वाचे कारण जननेंद्रियांचा क्षयरोग आहे. ज्या गटाच्या ओटीपोटात स्वतःचाच दीर्घकालीन दाह असण्याची शक्यता आहे, त्याला ‘निरोगी’ समजून तुलना केली तर तुलनेचा पायाच डळमळतो. त्यातच दुर्बिणीने पोट न तपासलेल्या ‘निरोगी’ स्त्रियांपैकी काहींना न कळलेला एंडोमेट्रिओसिस असतोच.

चौथी गाळणी : ताज्या पेशी थोड्या मिळतात आणि फार दिवस टिकत नाहीत, म्हणून पुष्कळ काम प्रयोगशाळेत अमर झालेल्या पेशीवंशांवर चालते. सर्वाधिक वापरला जाणारा केजीएन हा वंश ग्रॅन्युलोसा पेशींच्या कर्करोगातून मिळवलेला आहे. सीओव्ही-४३४ या दुसऱ्या वंशाची कथा तर बोधप्रद आहे. वर्षानुवर्षे तो ग्रॅन्युलोसा पेशींचा नमुना म्हणून वापरला गेला, आणि २०२१मध्ये दाखवून देण्यात आले की तो अंडाशयाच्या एका सर्वस्वी वेगळ्या, दुर्मीळ कर्करोगाचा आहे. यात कोणी लबाडी केली नाही. विज्ञान असेच स्वतःच्या चुका उकरत पुढे जाते. पण त्या वर्षांतल्या ‘कारण सापडले’ छापाच्या बातम्यांची दुरुस्ती कोणी छापली का?

गर्भाशय काय सांगते?

आता पेशींकडून माणसांकडे येऊ. १९९४मध्ये स्पेनमधील व्हॅलेन्सियाच्या गटाने दान केलेल्या बीजांचा एक सुंदर दाखला दिला. बीज देणारीला एंडोमेट्रिओसिस असेल तर भ्रूण रुजण्याचे प्रमाण घटले. निरोगी दातीचे बीज एंडोमेट्रिओसिस असलेल्या स्त्रीला दिले तर तसे घटले नाही. दोष गर्भाशयापेक्षा बीजाकडे अधिक असावा, हे सुचवणारा हा पुरावा. २००२च्या एका एकत्रित विश्लेषणात गर्भनलिकेच्या दोषामुळे आयव्हीएफ करणाऱ्या स्त्रियांच्या तुलनेत एंडोमेट्रिओसिस असलेल्यांची गर्भधारणेची शक्यता जवळपास निम्मी आढळली. बातमीदारांना आवडेल असाच आकडा.

परंतु गोष्ट तिथे संपत नाही. २०१५च्या आणखी एका एकत्रित विश्लेषणात चॉकलेट सिस्ट असलेल्या स्त्रियांकडून बीजे कमी मिळाली, पण जिवंत अपत्यजन्माचे प्रमाण सिस्ट नसलेल्या स्त्रियांइतकेच निघाले. २०१७मध्ये अमेरिकेतील एका मोठ्या अभ्यासाने दाखवले की एंडोमेट्रिओसिस असलेल्या स्त्रियांच्या भ्रूणांत गुणसूत्रांच्या दोषांचे प्रमाण समवयस्क स्त्रियांइतकेच असते.

हे निष्कर्ष एकमेकांशी भांडत आहेत असे वरवर वाटेल. बारकाईने पाहिले तर ते एक चित्र पूर्ण करतात. आजार अंडाशयाचा साठा कमी करतो. पेशींचे काम बिघडवतो. पण फॉलिकलांमध्ये मुळातच चाळणी असते, आणि त्या चाळणीतून तरून येणारे बीज पुष्कळदा चांगले असते. संख्या घटणे आणि प्रत्येक बीज नासणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत. पहिल्या गोष्टीला नियोजनाने तोंड देता येते, दुसरीपुढे माणूस हात टेकतो. मथळा पहिलीला दुसरी म्हणून विकतो.

मथळ्याचे बिल

निदानानंतर वर्षभराने मी एका मोठ्या शहरातील एका केंद्रात सल्ल्यासाठी गेले. नाव सांगण्याची गरज नाही, कारण हा अनुभव एकटीचा नाही. डॉक्टरांच्या आधी समुपदेशक भेटल्या. त्यांच्या टेबलावर वर्तमानपत्रातले एक कात्रण प्लास्टिकमध्ये घालून ठेवले होते : एंडोमेट्रिओसिसमुळे स्त्रीबीजांभोवतीच्या पेशी मरतात. माझा एएमएचचा आकडा पाहून त्या म्हणाल्या, “मॅडम, तुमची एग क्वालिटी रोज खाली जातेय. याच महिन्यात निर्णय घ्या.” पुढे तीन पर्याय होते : आधी सिस्ट काढा, मग बीजे गोठवा, सोबत अंडाशयात स्वतःच्या रक्ताच्या घटकांची इंजेक्शने घ्या. प्रत्येकापुढे रक्कम होती. पुराव्याचा रकाना नव्हता.

एकेक पर्याय पाहू. एएमएच हे साठ्याचे माप आहे, प्रतीचे नव्हे. वंध्यत्वाचा इतिहास नसलेल्या ३० ते ४४ वयोगटातील स्त्रियांच्या २०१७च्या अमेरिकी अभ्यासात एएमएच कमी असलेल्यांची नैसर्गिक गर्भधारणेची शक्यता घटलेली आढळली नाही. सिस्ट काढण्याविषयी : भिंत सोलून काढताना निरोगी सालही निघते. २०१२च्या एका एकत्रित विश्लेषणानुसार शस्त्रक्रियेनंतर एएमएच सरासरी सुमारे ३८ टक्क्यांनी घसरतो. म्हणूनच युरोपीय प्रजननवैद्यक संघटनेची २०२२ची मार्गदर्शक तत्त्वे सांगतात की केवळ आयव्हीएफचे यश वाढावे म्हणून अशी शस्त्रक्रिया सरसकट करू नये. वेदना, गाठीविषयी शंका, बीजांपर्यंत पोहोचण्यातील अडथळा अशी कारणे वेगळी. तो निर्णय रुग्ण आणि शल्यविशारद यांचा. अंडाशयाच्या ‘पुनरुज्जीवना’ची इंजेक्शने आणि तत्सम जोड-उपचार यांपैकी बहुतेकांची त्याच संघटनेने २०२३मध्ये नेहमीच्या वापरासाठी शिफारस केलेली नाही.

विडंबना पाहा. साठा कमी होतो आहे अशी भीती घालून जी शस्त्रक्रिया सुचवली गेली, तीच साठा आणखी कमी करणारी होती. त्या भीतीचे भांडवल होते एक कात्रण; आणि त्या कात्रणाच्या मुळाशी कोणा तरी पीएचडी विद्यार्थ्याचे प्रामाणिक, मर्यादित, काळजीपूर्वक लिहिलेले संशोधन होते.

एक आक्षेप

जाणकार मित्र म्हणतात, “भीतीने का होईना, मुली लवकर डॉक्टरकडे जातील. त्यात वाईट काय?” या आक्षेपात तथ्य आहे. या आजाराच्या निदानाला जगभर सरासरी अनेक वर्षे लागतात, आणि आपल्याकडे पाळीविषयी बोलण्याचीच चोरी. जागृती हवीच. पण ही भीती मुलीला कोणाकडे पाठवते ते पाहा. १४ वर्षांची मुलगी शाळेच्या स्नानगृहात वेदनेने वाकली असेल तर तिच्यासाठी या बातमीत एक अक्षर नसते, कारण बातमी वंध्यत्वाची आहे. तीच मुलगी ३०व्या वर्षी, लग्नानंतर, मूल होत नाही म्हणून आली की मग ती बातमीला पात्र ठरते. आजार तोच, शरीर तेच. फक्त सासरच्यांना नातवंड हवे झाले आणि मग आजाराला वजन आले. संशोधनाची खिडकी आयव्हीएफ केंद्रात आहे ही तांत्रिक मर्यादा समजू शकते. समाजाचीही खिडकी तीच असावी, हे मला मान्य नाही.

आणि निदान लवकर व्हावे असेच वाटत असेल तर मथळा असा हवा : दर महिन्याला शाळा-कामे बुडवणारी वेदना सामान्य नव्हे. २०२२च्या त्याच मार्गदर्शक तत्त्वांनी दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेला ‘निदानाचा सर्वोच्च निकष’ या आसनावरून उतरवले आहे. लक्षणे ऐकून आणि चांगली सोनोग्राफी करून उपचार सुरू करता येतात. लाखो मुलींचे आयुष्य बदलू शकेल अशी ही बातमी आपल्या विज्ञानपानांवर किती वेळा आली?

मग करायचे काय?

बातमीदारांना : पेशींवरचा अभ्यास असेल तर चार गोष्टी लिहाच. नमुना किती स्त्रियांचा, पेशी कोणत्या अवस्थेत मिळाल्या, तुलना कोणाशी, आणि अपत्यजन्माचा निष्कर्ष मोजला की नाही. मोजला नसेल तर ‘वंध्यत्वाचे कारण’ हे शब्द मथळ्यातून काढा. दोन ओळींचे काम आहे.

आम्हा संशोधकांना : संस्थेच्या प्रसिद्धिपत्रकातील अतिशयोक्ती ही बहुधा वर्तमानपत्राची नसते, ती आमच्याच कार्यालयातून निघते आणि आम्ही गप्प राहतो, कारण पुढच्या अनुदानासाठी कात्रण उपयोगी पडते. प्लास्टिकमधल्या त्या कात्रणावर एक सही आमचीही आहे.

शासनाला : सहायक प्रजनन तंत्रज्ञान कायदा जानेवारी २०२२पासून अमलात आहे. त्याच्या २१व्या कलमानुसार केंद्राने जोडप्याला किंवा स्त्रीला यशाची शक्यता, फायदे-तोटे, धोके आणि खर्च यांविषयी समुपदेशन दिले पाहिजे. कायद्याने राष्ट्रीय नोंदवहीही निर्माण केली आहे. त्या नोंदवहीतून निदानानुसार, वयानुसार, अपत्यजन्माचे आकडे सर्वसामान्यांना वाचता येतील अशा रूपात दरवर्षी प्रसिद्ध करा. एंडोमेट्रिओसिस असलेल्या भारतीय स्त्रीला आयव्हीएफमधून मूल होण्याची शक्यता किती, हा प्रश्न तिने कात्रणाला नव्हे, देशाच्या नोंदवहीला विचारता आला पाहिजे.

आणि संशोधनाला पैसा द्या. २०२३मध्ये या आजाराच्या आनुवंशिकीवर ६०,६७४ रुग्णांचा प्रचंड अभ्यास प्रसिद्ध झाला. रुग्ण युरोपीय आणि पूर्व आशियाई वंशाचे होते. दक्षिण आशिया त्यात नाही. ही उणीव भरून काढण्यासाठी मुंबईत परळच्या राष्ट्रीय प्रजनन व बाल आरोग्य संशोधन संस्थेच्या पुढाकाराने देशातील अनेक केंद्रांवर भारतीय स्त्रियांचा नैदानिक व आनुवंशिक अभ्यास हाती घेण्यात आला आहे. ही तीच संस्था, जिने शेजारच्या केईएम रुग्णालयाबरोबर काम करून ६ ऑगस्ट १९८६ रोजी हर्षाचा जन्म घडवून आणला. आणि त्या कामाचे एक शिल्पकार डॉ. टी. सी. आनंद कुमार यांनीच पुढे मुखर्जींची कागदपत्रे वाचून, भारतातील पहिलेपणाचा मान आपला नसून त्यांचा आहे, हे १९९७मध्ये जाहीरपणे मांडले. पुराव्यापुढे स्वतःचा मान सोडणारी ही परंपरा आपली आहे. एका मथळ्याचा मोह सोडणे त्या मानाने फार सोपे.

विद्यार्थिमित्रांनो, पुढच्या वेळी ‘कारण सापडले’ असा मथळा तुमच्या पडद्यावर आला की पुढे पाठवण्याआधी मूळ शोधनिबंधाचा ‘पद्धती’ हा भाग उघडा आणि वरचे चार प्रश्न विचारा. उत्तरे मिळाली तर बातमी जरूर पाठवा, उत्तरांसकट पाठवा. आणि तुमच्या घरात, वसतिगृहात, वर्गात कोणी दर महिन्याला दोन दिवस भिंतीकडे तोंड करून पडून राहत असेल, तर तिला स्त्रीबीजांची बातमी पाठवू नका. तिच्याबरोबर डॉक्टरकडे जा. माझ्याबरोबर १५ वर्षे कोणी गेले नव्हते.